कोरा फळा

मनिषाने टाइम-आउट मागितला आणि आपल्या मुली बाजूला येईपर्यंत समोरच्या बेंचवरची नजर काढली नाही.

तिकडे लातूरच्या मुली त्यांच्या सिंधु मॅडमभोवती गोळा झाल्या होत्या, पण घोळक्यातून आवाज येत नव्हता. सिंधुने गुडघ्यावर एक छोटा पांढरा फळा धरला होता आणि निळ्या मार्करने ती भराभर लिहीत होती. मुली माना वाकवून वाचत होत्या. एकीला अक्षर लागले नाही, तिने शेजारणीला विचारले. तोवर सिंधुने ते पुसून पुढचे लिहायला घेतले होते.

उन्हाळ्यात सिंधुच्या गळ्यातल्या गाठीचे ऑपरेशन झाले. गाठ निघाली, धोका टळला, पण आवाज गेला तो गेलाच. जिची हाक ऐकून पलीकडच्या मैदानावरच्या खो-खोच्या पोरीसुद्धा थबकायच्या, तिच्या तोंडून आता नुसता वारा निघत होता. मनिषाला हे जूनमध्येच कळले होते. फोन करावा असे दोनदा मनात आले. जिला बोलता येत नाही तिला फोनवर काय विचारायचे, असे म्हणून तिने दोन्ही वेळा तो विषय मिटवला. खरे कारण ते नव्हते, हेही तिला ठाऊक होते.

नांदेडचा बास्केटबॉल संघ सहा गुणांनी मागे होता. मनिषाने पाण्याची बाटली लुंबिनीच्या हातात दिली. लुंबिनी तिची कर्णधार. कंधारची, तिसऱ्या वर्षाची, अंगाने काडी आणि पायात नुसता पारा.

"ऋतुजा बॉल घेऊन येताना काय करून राहिली, बघितलंस का?" मनिषाने विचारले.

"बेंचकडं बघती, मॅडम. दर टायमाला. मॅडमनं काय लिवलं ते वाचती."

"किती वेळ लागतो तिला?"

लुंबिनी बाटली तोंडाशी नेता नेता थांबली. लातूरच्या त्या कर्णधार मुलीकडे तिने एकवार पाहिले.

"तेवढ्यात बॉल निघंल, मॅडम."

"मग काढ."

त्या दुपारी लुंबिनीने तसाच चार वेळा बॉल काढला. ऋतुजाची मान बेंचकडे वळायची आणि पुन्हा समोर यायच्या आत तिचे हात रिकामे झालेले असायचे. नांदेडने नऊ गुणांनी सामना मारला. परतताना गाडी अहमदपूरला चहासाठी थांबली तेव्हा मुली अजून ओरडत होत्या. मनिषा खाली उतरलीच नाही.

या दोघी एके काळी एकाच संघात होत्या. चोवीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघात नांदेडची मनिषा आणि लातूरची सिंधु एकत्र खेळल्या, स्पर्धेच्या गावी एकाच सतरंजीवर झोपल्या. पुढे दोघी आपापल्या गावच्या कॉलेजात क्रीडा संचालक झाल्या आणि दर वर्षी समोरासमोरच्या बेंचवर बसू लागल्या. तरीही बोलणे होते. ते बंद पडले सहा वर्षांपूर्वी. लातूरच्या संघातली एक मुलगी नियमात बसत नव्हती. मनिषाने लेखी हरकत घेतली आणि तो अख्खा संघ स्पर्धेतून बाद झाला. हरकत खरी होती. पण सिंधुचे एकच म्हणणे होते, जे तिने तेव्हा सगळ्यांसमोर ऐकवले होते, "कागद द्यायच्या आधी मला एक हाक मारायची व्हतीस, मनी." त्यानंतर सहा वर्षे नुसता नमस्कार. तोही मुली बघत असतील तर.

हंगामातली दुसरी गाठ उदगीरला पडली. तिथेही तेच झाले. फरक एवढाच, की या वेळी मनिषा बॉलकडे न बघता सिंधुकडे बघत होती.

ऋतुजा फळा वाचायला वळली. लुंबिनी तिच्या पाठीकडून निघाली. हे कोर्टवर कुणाला दिसले नाही, पण बेंचवरून सिंधुला सगळे दिसत होते. ती ताडकन उठली. तिने तोंड उघडले, मानेच्या शिरा तटतटून वर आल्या, डाव्या बाजूची ऑपरेशनची खूण लालबुंद झाली. आवाज फुटला नाही. बॉल गेला, बास्केट झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तरी सिंधु तशीच तोंड उघडून उभी होती. मग तिने ते हळूच मिटले आणि खाली बसली.

नांदेड चौदा गुणांनी जिंकले. ऋतुजा कोर्टवरच गुडघ्यांत डोके घालून बसली. लुंबिनी मनिषाला येऊन बिलगली. मनिषाने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिला शाबासकी द्यायची राहून गेली.

अंतिम सामना जानेवारीत, नांदेडजवळ विष्णुपुरीच्या मैदानावर होता. चार वर्षे चषक लातूरकडे होता. आदल्या दिवशी सराव संपल्यावर मुली बूट सोडत बसल्या, तेव्हा मनिषाने लुंबिनीला बाजूला घेतले.

"उद्या ऋतुजा बेंचकडं बघंल तवा झडप घालायची न्हाई."

लुंबिनीला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

"का, मॅडम?"

"न्हाई म्हणजे न्हाई. समोर उभी राहा, वाट अडव. तिची मान वळली तरी तू जागची हलायचं न्हाई."

"फाउल हाय का त्ये?"

"फाउल न्हाई."

"मग?"

शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत मनिषा म्हणाली, "सगळं काय नियमातच असतं का गं?"

लुंबिनी खाली बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मनिषाला बरे वाटले असते.

"त्या मॅडमचं लई वाईट झालं, मलाबी दिसतंय. पण माझं ह्ये शेवटचं वर्ष हाय, मॅडम. पप्पा उद्या रजा टाकून यायलेत. ते एसटीत कंडक्टर हाईत, तीन वर्षांत त्यांनी माझी एकबी म्याच बघितली न्हाई. तुम्हाला मैत्रिणीसाठी हरायचं आसंल तर मी काय बोलू?"

"हरायचं न्हाई," मनिषा म्हणाली. "दुसऱ्या तऱ्हेनं जिंकायचं."

"बरं," लुंबिनी म्हणाली आणि बूट उचलून निघून गेली. तिने वळून पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सामना सुरू झाला. सिमेंटच्या कोर्टवर ऊन होते. लुंबिनीचे वडील आनंदराज इस्त्रीचा पांढरा सदरा घालून कडेला उभे होते. बसायला खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

पहिल्याच चालीला ऋतुजाने बॉल आणला आणि मान बेंचकडे वळवली. लुंबिनीचा पाय उचलला गेला. तिने तो तिथेच दाबून ठेवला आणि दात खाऊन मनिषाकडे पाहिले. मनिषाने मान हलवली. न्हाई.

ऋतुजा थांबली होती. बॉल टिप्पे घेत होता, ती बेंचकडे बघत होती आणि बघतच होती. पंचाने शिट्टी मारली. आठ सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. तो नेला नव्हता. बॉल नांदेडला मिळाला.

पुढच्या खेपेला पुन्हा तेच. ऋतुजाची मान वळायची, लुंबिनी हलायची नाही, आणि लातूरच्या बाकीच्या चार मुली कसली तरी वाट बघत असल्यासारख्या जागच्या जागी अवघडून राहायच्या. मनिषाला वाईट वाटले. पोरी किती घाबरल्यात, असे तिला वाटले. पहिला क्वार्टर संपला तेव्हा नांदेड दहा गुणांनी पुढे होते.

दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर तिचे लक्ष सिंधुच्या मांडीकडे गेले. ऋतुजा फळ्याकडे टक लावून बघत होती, आणि फळ्यावर काहीच लिहिलेले नव्हते. फळा कोरा होता. मार्करचे टोपणसुद्धा काढलेले नव्हते. मनिषाला ते विचित्र वाटले, पण तेवढ्यात तिची एक मुलगी घसरून पडली आणि ती तिकडे धावली.

मध्यंतरानंतर लातूरचा खेळ बदलला. ऋतुजाने बेंचकडे बघणे सोडून दिले आणि ती सरळ रिंगवर येऊ लागली. सिंधुने लिहिले नाही की हात हलवला नाही, तरी तिच्या मुली एकमेकींना हाका देत खेळत होत्या. कोण मागे आहे, कोण मोकळी आहे, सगळे त्यांच्याच तोंडून निघत होते. अंतर कमी कमी होत गेले. शेवटचे मिनिट उरले तेव्हा नांदेडकडे एका गुणाची आघाडी होती. लुंबिनीने डावीकडून आत शिरून अंगावर धक्का घेत बॉल रिंगमध्ये टाकला. शेवटची शिट्टी झाली तेव्हा नांदेड तीन गुणांनी जिंकले होते.

आनंदराज भर कोर्टात आले आणि लेकीसमोर उभे राहून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवू लागले. त्यांना दुसरे काही सुचत नव्हते.

मनिषा बाटल्या गोळा करत होती. कुणी तरी तिच्या दंडाला हात लावला. मागे सिंधु उभी होती. तिने फळा पुढे केला. त्यावर दोनच शब्द होते, 'कधी ओळखलंस?'

"काय?" मनिषाने विचारले.

सिंधुने तिला जवळ ओढले. आवाज घोगराही नव्हता. कानाशी कुणी कागद चोळावा तसा होता. दर दोन शब्दांनी तिला दम घ्यावा लागत होता.

"उदगीरनंतर... दीड महिना... एकच शिकवलं पोरींना. फळ्याकडं बघायचं नाटक. तुझी लुंबिनी झडप घालंल... अन् ऋतुजा तिच्या बगलेतून निघंल. पुढं आम्ही पाच, तुम्ही चार." ती थांबली, घोट गिळला. "सगळा खेळ त्याच्यावर बसवला व्हता. अन् तू पोरीला खुंट्याला बांधून ठेवलीस. कधी कळलं तुला?"

मनिषाच्या हातातली बाटली कलली आणि पाणी बुटावर सांडले. दीड महिना. आपण दीड महिना हिच्या उघड्या तोंडाची आठवण काढून तळमळत होतो. आणि ही लातूरला रोज पहाटे उठून, गेलेल्या आवाजाचाच फास विणत होती.

तिने सिंधुकडे पाहिले. सहा वर्षांत सिंधुने तिच्या डोळ्यांत इतके सरळ पाहिले नव्हते. त्या डोळ्यांत हरल्याचे दुःख होते, आणि त्याच्याही वर समोरच्याच्या डावाचे कौतुक होते.

लुंबिनी धावत येऊन दोघींना खेटून उभी राहिली होती आणि शेवटचे शब्द तिने ऐकले होते.

"म्हंजी, मॅडम, तुम्हाला आदीच ठाऊक व्हतं?" ती म्हणाली. "अन् मी काल काय काय बोलले तुम्हाला! मला का न्हाई सांगितलं?"

दोघी उत्तराची वाट बघत होत्या. एकीच्या चेहऱ्यावर घाम आणि शरम, दुसरीची मान किंचित पुढे झुकलेली.

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," मनिषा म्हणाली. "ही लई हुशार हाय. पहिल्याच चालीला डाव बदलला असता हिनं."

वाक्य इतके सहज निघाले की तिचे तिलाच नवल वाटले. लुंबिनीने कपाळावर हात मारून घेतला आणि पळत जाऊन बाकीच्यांना सांगू लागली. सिंधुचे खांदे हलत होते. ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मुळीच आवाज न होता. मग तिने मनिषाचा हात घट्ट धरला.

"बरं झालं," ती कानाशी म्हणाली. "पहिल्या क्वार्टरला... मला वेगळंच वाटलं व्हतं. म्हणलं, ही माझ्यावर दया करून राहिली का काय."

"तुझ्यावर?" मनिषाने विचारले. "तुझ्यावर दया करायला मी काय येडी हाय का, सिंधु?"

सिंधु तिच्याकडे बघत राहिली. गरजेपेक्षा थोडा जास्तच वेळ. मग तिने हात सोडला, मनिषाच्या दंडावर हलकेच थोपटले आणि ऋतुजाकडे गेली.

फोटोसाठी हाक आली. मुलींनी रांग केली, आनंदराजांना आग्रहाने मागे उभे केले आणि मधली जागा मनिषासाठी रिकामी ठेवली. लुंबिनीने चषक पुढे केला.

"मॅडम, तुम्ही धरा. आजची म्याच तुमचीच हाय."

"तूच धर गं," मनिषा म्हणाली आणि रांगेच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली.