भिंतीजवळची खाट

सगळे आपल्याकडेच बघतात, असं रक्षाला वाटायचं. सेलूच्या बाजारात, शेजारच्या गच्चीवरून, बंद मोबाइलमधूनसुद्धा. तिची झोप उडाली. तिने खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली, तेव्हा तिची आई अनुसयाबाई तिला वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन आली. मानसोपचाराच्या बायकांच्या वॉर्डात रक्षाला भरती केलं आणि सोबत म्हणून आईही तिथेच राहिली.

वॉर्ड स्वच्छ होता. एकच लांब हॉल, समोरासमोर खाटा, मध्ये पडदा नाही. टोकाला सिस्टरांची काचेची खोली. ट्यूबलाइट रात्रीही जळत. बाथरूमला दारंच नव्हती. मागे एका बाईने आतून कडी लावून जिवाचं बरंवाईट करून घेतलं होतं, तेव्हापासून दारं काढून टाकली होती.

रक्षाला मधली खाट मिळाली. ती काचेकडे बघत पुटपुटली, "मी म्हनत होती ना, आई? इथं तर काच लावून पाहून राह्यले."

अनुसयाबाईने काचेकडे पाहिलं. या वेळी पोरगी खोटं बोलत नव्हती.

गोळ्या सुरू झाल्या, पण रक्षा पाणी पिईना. बाटली भरलेलीच राहायची.

"काऊन पेत नाई वं?"

"पेलं की तिकडं जा लागते."

मग अनुसयाबाई बाथरूमच्या तोंडाशी चादर धरून उभी राहू लागली. रीता सिस्टरांनी ते पाहिलं.

"मावशी, चादर नाही धरायची. आतलं आम्हाला दिसलं पाहिजे."

"मी उभी हाओ ना, सिस्टर."

"तुम्ही आहात. पण जिला कोणीच नाही, तिने चादर लावली तर?" सिस्टरांचा आवाज खाली आला. "त्या बाईला मीच बाहेर काढलं होतं, मावशी."

तरी संध्याकाळी त्यांनीच डॉक्टरांशी बोलून रक्षाला कोपऱ्यातली खाट दिली. पाठीशी भिंत, आणि काचेच्या आड येणारा खांब. त्या रात्री रक्षा झोपली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून वेणी घातली, अर्धी पोळी खाल्ली, शेजारच्या बाईला गाव विचारलं. अनुसयाबाईने घरी फोन करून सांगितलं, फरक पडून राह्यला.

आठवडाही झाला नसेल. अल्लीपूरची एक बाळंतीण आली, फार घाबरलेली, कोणी जवळ आलं की किंचाळणारी. तिला कोपरा लागणारच होता. रक्षा पुन्हा मध्ये आली. बाटली पुन्हा भरलेली राहू लागली. मग थंडी वाजून ताप आला. लघवीत जंतू झाल्याचं निघालं आणि तिला खालच्या मजल्यावर, साध्या वॉर्डात हलवलं.

तिथे गर्दी होती, वास होता, पण खाटेभोवती हिरवा पडदा होता. बाथरूमला दार होतं. रक्षा तांबेच्या तांबे पाणी प्यायली. पडदा ओढून दुपारभर झोपली.

ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, "आता उद्या वर न्यायला हरकत नाही. तिकडचा उपचार अर्धा राहिलाय."

ते गेल्यावर रक्षा बराच वेळ पडद्याच्या कडेशी चाळा करत बसली.

"आई, भिंतीजवळची खाट भेटन का मले?"

अनुसयाबाई सकाळीच वर जाऊन आली होती. बाळंतीण तिथेच होती, भिंतीकडे तोंड करून निजलेली.

"भेटन," अनुसयाबाई म्हणाली, आणि तिचे कपडे पिशवीत भरू लागली.