घारमामांची नजर

छापखान्यात त्यांना सगळे घारमामा म्हणत. नजर घारीची, म्हणून. मामा छापील कागद उजेडाला धरत, एक डोळा मिटत आणि म्हणत, “लाल जरा बोलतोय.” की लगेच लाल शाई कमी करून त्याचं तोंड बंद केलं जाई.

आता देवाची करणी बघा. लाल कुठला आणि हिरवा कुठला, हे मामांना जन्मापासून कळत नव्हतं. ही गोष्ट ठाऊक होती एकट्या मामींना. त्या रोज दुपारी डबा घेऊन येत आणि टेबलावरच्या प्रूफांपैकी, म्हणजे नमुन्याच्या छापांपैकी, जे बरं असेल त्याच्या शेजारी ठेवत. मग मामा डोळा मिटत. अख्खी नोकरी अशी डब्यावर निघाली होती.

पुढे मालकांनी रंगजुळणीचं सॉफ्टवेअर घ्यायचं काढलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतो तोच रंग कागदावर उतरवणारं. दोन विक्रेते आले. दोघांनी मशीनचे रंग मोजले, कुठल्या कागदावर कुठला रंग कसा उतरतो याचं आपापलं प्रोफाइल बनवलं आणि एकच फोटो छापला. कॅलेंडरसाठीचा, खुद्द मालकांचा. निवाडा अर्थातच मामांनी करायचा.

एरवी काही अडलं नसतं. पण आदल्या संध्याकाळी व्याह्यांनी आपल्या नव्या घराच्या पडद्यांचा विषय काढला, मामींनी एक रंग सुचवला आणि मामा बोलून गेले, “बायकांना रंगातलं काय कळतंय!” मामी नुसत्या हसल्या. मामांनी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

दुपारी मामी आल्या. दोन्ही प्रूफं नीट पाहिली, ओठ घट्ट दाबले आणि डबा खुर्चीवर ठेवला.

“अगं, टेबलावर ठेव ना,” मामा काकुळतीला आले.

“नको बाई. मला काय कळतंय रंगातलं?” म्हणाल्या आणि गेल्या.

टेबलावरून दोन सारखेच मालक मामांकडे बघत होते. तिसरा, खराखुरा, पाठीशी उभा होता. “बोला मामा.”

मामांनी देवाचं नाव घेतलं, डोळा मिटला आणि उजवीकडच्या प्रूफावर बोट ठेवलं. “हे. साहेबांच्या चेहऱ्यावरचं तेज उतरलंय यात.”

उजवीकडचे मालक शेवाळ धरल्यासारखे हिरवे होते. त्या विक्रेत्याने भलत्याच कागदाचं प्रोफाइल लावलं होतं आणि तो बिचारा केव्हाचा बॅग आवरत होता. त्याने ती पुन्हा उघडली.

“तेज आहे खरं,” हिशेबनीस म्हणाले. “जरा थंड तेज.”

“डावीकडचे साहेब फारच माणसासारखे दिसतात,” व्यवस्थापकांनी जोड दिली.

मालक फोटो न्याहाळत राहिले. “मी असा दिसतो?”

“दिसता, साहेब!” सगळे एकदम म्हणाले.

“इतकी वर्षं घरात कुणी बोललं नाही,” मालक हळूच म्हणाले. डावीकडच्या विक्रेत्याचं काम चोख होतं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

घरी येताच मामांनी मामींना भीत भीत विचारलं, उजवीकडचे साहेब कसे होते. उत्तर ऐकून ते किंचाळलेच. “हिरवे? आणि कॅलेंडर उद्या छपाईला! नोकरी गेली गं माझी. पाया पडू का तुझ्या?”

“माझ्या कशाला? व्याह्यांना फोन लावा.”

मामांनी लावला. “पडद्यांचं हिलाच विचारा. रंगातलं मला काही म्हणजे काही कळत नाही.”

“व्याहीबुवा,” पलीकडून गहिवरलेला आवाज आला, “केवढा हा विनय!”

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा डाव्या प्रूफाशेजारी येऊन बसला. मामांनी डोळा मिटला.

“छे! उजवीकडे हिरवा जरा बोलतोय.”

आणि काय सांगावं, सगळ्यांना कालपासून अगदी तेच वाटत होतं.