जपानला माणूस पाहिजे

साडेनऊला मुलाखत होती आणि सकाळपासून आमरीनच्या हातून तीन वस्तू पडल्या होत्या.

पिशोर गावची ही पोरगी नर्सिंग शिकून दोन वर्षं घरी बसली. तिच्या वर्गातल्या बहुतेक पोरी अजून बसूनच होत्या. आमरीन मात्र शहरात आली, दिवसा भानुमतीबाईंना सांभाळू लागली आणि संध्याकाळी शहागंजातल्या क्लासात जपानी घोकू लागली. भानुमतीबाई एकोणऐंशीच्या, उजवी बाजू लुळी पडलेली. एकुलता एक मुलगा मंदार कॅनडात. मुलाखत बाईंच्याच खोलीत, त्यांच्याच लॅपटॉपवर होती. आमरीनचे अब्बा, करीमभाई, पहिल्या एसटीनं येऊन बसले होते.

"अब्बा, कॅमेऱ्यात येऊ नका हं."

"नाय येत. पर ऐकू तं दे."

पडद्यावर ओकादाबाई आल्या, जपानमधल्या एका वृद्धाश्रमाच्या प्रमुख. सोबत दुभाषी, कुठं अडलंच तर. पहिलाच प्रश्न आला, "आमच्याकडेच का यायचंय?"

पाठ केलेलं उत्तर आमरीनच्या डोक्यातून साफ उडालं. मग ती जे खरं होतं तेच बोलली, मोडक्यातोडक्या जपानीत. "माझे आजोबा हिमरू शाली विणायचे. गिरणीचं स्वस्त कापड आलं, माग बंद पडला. अब्बा रियाधला ड्रायव्हर झाले. अकरा वर्षांनी तिथल्या मालकानं तिथलीच पोरं ठेवली, अब्बा परत आले. काम जिकडं जातं तिकडं आमच्या घरातलं माणूस जातं. आता काम तुमच्याकडं आहे."

ओकादाबाई हसल्या. "आहे खरं. आमच्याकडे नव्वद म्हातारी माणसं आहेत. सगळ्यात मोठ्या आजी एकशे तीनच्या, आणि त्यांना उचलणारी मी चौसष्टची! गावातली शाळा बंद झाली, पोरंच नाहीत. बरं, उशीला पेशंट समजा आणि खुर्चीत बसवून दाखवा."

आमरीननं उशी उचलली तशा भानुमतीबाई म्हणाल्या, "काय सांगतेय ती?"

आमरीननं सांगितलं.

"मग उशी कशाला? मी काय मेले का? उचल मला."

आमरीननं चाकाची खुर्ची त्यांच्या धड बाजूला लावली. "आजी, पुढं वाका. डावा पाय टेकवा. तीन म्हणले की उठायचं. एक, दोन..."

बाई अर्ध्या उठल्या आणि खुर्ची मागं सरकली. ब्रेक लावायचा राहिला होता!

"या अल्ला!" अब्बा ओरडले.

आमरीननं खुर्चीकडं पाहिलंच नाही. बाईंना छातीशी घट्ट धरलं आणि हळूच परत पलंगावर टेकवलं. "लागलं का कुठं?"

"नाही गं. चल, पुन्हा."

तिनं ब्रेक लावला, पहिल्यापासून सगळं केलं. बाई खुर्चीत नीट बसल्या. पण संपलं सगळं, आमरीनला वाटलं.

ओकादाबाई दुभाष्याशी काहीतरी बोलल्या. मग कॅमेऱ्याकडे वळल्या. "ब्रेक विसरलात, ते इथे चालणार नाही. पण तोल गेला तेव्हा तुम्ही आमच्याकडे नाही, आजींकडे पाहिलंत. ते आम्हाला शिकवता येत नाही. एप्रिलमध्ये या."

आमरीननं अशी किंकाळी फोडली की शेजारच्यांनी खिडकी उघडली. अब्बा थेट कॅमेऱ्यासमोर. "घेतलं? माझ्या पोरीला घेतलं?" आणि पडद्याला सलामावर सलाम. तिकडं ओकादाबाईही वाकून वाकून नमस्कार करू लागल्या.

लॅपटॉप मिटून आमरीन बाईंकडं वळली. "आजी, तुमचं कसं?"

"एप्रिलला अजून सहा महिने आहेत," बाई म्हणाल्या. आवाज जरा ओला झाला, पण चेहरा खुललेला होता. "तुझ्या गावची कुणीतरी आण. शिकव तिला."

"आवडाबाई हाय की!" अब्बा म्हणाले. "ऊसतोडीला जायची. औंदा मुकादमानं मशीन लावलं, तं घरीच हाय. लई कामाची बाई."

सोमवारी आवडाबाई आली. आमरीन पलंगावर आडवी झाली, उजवा हात लुळा सोडला आणि म्हणाली, "मावशी, मी पेशंट. मला खुर्चीत बसवा."

आवडाबाईनं पदर खोचला, खाली वाकली आणि उसाची मोळी उचलावी तसं आमरीनला सरळ खांद्यावर घेतलं.

"अहो मावशी, असं नाय!" आमरीन वरून ओरडत होती, आणि भानुमतीबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या.