भातात उभा चमचा

माझ्या थोरल्याला जेवायची रीत राहिलेली नाही. पुढ्यात वाफाळता भात ठेवला की हा आधी चमचा त्यात सरळ उभा रोवतो, मेलेल्या माणसापुढे रोवतात तसा. थोडा वेळ बघत बसतो. मग उपसतो आणि त्याच चमच्यानं खातो. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं, उभा चमचा श्राद्धाच्या भातात, जित्याच्या नाही. मी हातावर फटका मारला, नाही नाही ते बोलले. बेचाळीस वर्षांचा घोडा खाली मान घालून ऐकतो, आणि सकाळी पुन्हा तेच.

ग्युतेक त्याचं नाव. नौदलात होता. पश्चिमेच्या समुद्रात त्यांच्या गस्तीच्या बोटीवर गोळा पडला. माणसं गेली. हा परत आला, अंगावर ओरखडा नाही. मला वाटलं, सुटलो. कसले सुटलो! नोकरी गेली, झोप गेली, बंदरात भोंगा वाजला की हा कपाटाआड. शेवटी सून नातीला घेऊन पुसानला माहेरी गेली. जाताना म्हणाली, "सासूबाई, त्यांनी एकदा त्या केंद्रात जाऊन तोंड उघडावं. दुसऱ्या दिवशी मी दारात असेन." भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं.

केंद्र चांगवॉनला आहे. लढाईतून आलेल्यांची मनं तिथे बघतात, पैसे घेत नाहीत. ग्युतेक दोनदा बसनं गेला आणि दोनदा दारावरून परत आला.

आमचं कालवं फोडायचं काम. दिवसभर शेडमध्ये उभं राहायचं, शिंपलं उघडायचं, कालव काढायचं. हात चालतात तशी तोंडंही चालतात. नामहे गावची एक बाई म्हणाली, "फुकटचं कशाला घेतेस? तिथे गेलं की वेड्यात नाव लागतं. उद्या नातीच्या लग्नात काढतील लोक."

मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याची दारू अख्ख्या बंदराला ठाऊक आहे. तुझ्या पोरी राहिल्या का गं बिनलग्नाच्या?"

बायका हसल्या. मला हसू आलं नाही. पाय दुखत होते, आणि तिचं बोलणं लागलं होतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच चांगवॉनला गेले. रिकाम्या हातानं कोण जातं? कालवं घालून मुरवलेल्या किमचीची बरणी फडक्यात बांधून नेली. केंद्रातल्या प्यो बाई वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढ्या. बरणी बघून दोन्ही हात मागे घेतले.

"आई, हे मला घेता येत नाही. कायदा आहे."

"किमचीवर कायदा?"

"किमचीवरही."

मी गाठ घट्ट केली. "मग राहू द्या. माझ्या घरचं खाणार नाही त्याच्या हाती मी माझं पोर देत नाही." असं म्हणून उठलेसुद्धा. पण गुडघ्यानं दगा दिला, परत खुर्चीत बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. घाई केली नाही, पुस्तकी काही बोलल्या नाहीत. वेड्यात नाव लागतं का विचारलं, तर म्हणाल्या, "इथलं बोलणं इथेच राहतं. घरच्यांनाही इथे बोलता येतं. तुम्हीच सांगा, काय होतंय?"

काय सांगू? चमच्याचं सांगितलं. वाटलं, बाई तोंडावर हात ठेवतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "चमचा कोणासाठी रोवतात ते?"

बरणी मांडीवर घेऊन बसनं परत आले. वाटभर तोच प्रश्न. मी मारलं होतं, विचारलं नव्हतं. आणि आईनं विचारायचं असतं हे मला कालच्या पोरीनं सांगावं!

संध्याकाळी भात वाढला. त्यानं चमचा रोवला. माझा हात उचलला गेला होता, तो खाली घेतला.

"कोणासाठी रे?"

त्यानं वाडगा जवळ ओढला. मग म्हणाला, "इल्गुसाठी."

"कोण इल्गु?"

"पहाऱ्यावर माझी पाळी होती, आई. तो म्हणाला, जा, भात गार होईल, आधी तू जेवून ये, तोवर मी उभा राहतो." त्यानं चमच्याकडे बघितलं. "मी जेवत होतो, तेव्हा गोळा पडला."

"मग केंद्रात आत जाऊन हे का नाही सांगितलंस?"

"तिथे हात-पाय गेलेले बसलेले असतात. मला काय झालंय? मी तर जेवत होतो."

मी उठले. कमरेत कळ आली, तशीच उठले. श्राद्धाचा पितळी वाडगा काढला, पुसला, त्यात भात भरला, मेजावर त्याच्या समोरच्या जागी ठेवला. बाजूला चांगवॉनहून परत आलेली किमची. मग त्याच्या भातातला चमचा उपसून त्या वाडग्यात रोवला, आणि त्याच्या हातात दुसरा दिला.

"ऐक, ग्युतेक. मेलेला आणि जिता एका वाडग्यात जेवत नाहीत. आजपासून हा इल्गुचा, तो तुझा. त्याला मी वाढेन, माझे हात चालतात तोवर. उद्या पहिल्या बसनं आपण दोघं चांगवॉनला जायचं, आणि तू आत गेल्याशिवाय मी त्या दारातून हलणार नाही. काय झालंय म्हणून विचारतोस? त्या पोरानं तुला जेवायला पाठवलं होतं, आणि तू अजून जेवलेला नाहीस."