मागच्या सीटखाली

शमशेरनं बंद पडलेल्या गाडीची चावी एक खटका फिरवली आणि कान मागं लावला. दिवे लागले, पण मागच्या सीटखाली सामसूम.

"पेट्रोलचा पंप गेला," तो म्हणाला.

"तुमच्या कानानं सांगितलं म्हंजी गेलाच," गाडीचा मालक कारभारी म्हणाला आणि जावयाला फोन लावून बसला. मिरजगावात शमशेरचं नाव होतं ते या कानावर. आवाज ऐकून तो रोग सांगायचा, त्यावरच गॅरेज चालायचं.

त्याची बायको रजिया चहा घेऊन आली तेव्हा त्यानं पुन्हा चावी फिरवली. ती गाडीच्या मागच्या दाराशी थबकली. कारभारी फोनवर मोठ्यानं बोलत होता. रेंज रस्त्याकडं चांगली येते, असं सांगून तिनं त्याला तिकडं धाडलं.

मग मागची सीट उचलली. शमशेरचा हात धरून पंपाच्या झाकणावर ठेवला, आणि पुढं जाऊन चावी दिली.

झाकण तळव्याखाली थरथरलं. दोनेक सेकंद. मग गप्प.

शमशेरनं हात काढला, सीट खाली बसवली.

पंप धडधाकट होता. चावी दिली की गाडीचा कॉम्प्युटर पंपाला तेवढे दोन सेकंदच वीज सोडतो. इंजिन फिरतंय अशी खबर इंजिनाखालच्या सेन्सरकडून आली तरच पुढं चालू ठेवतो. नाही आली की बंद. गाडी कुठं आदळली, तर पेट्रोल सांडत राहू नये म्हणून.

म्हणजे खबरच पोचत नव्हती. तो गाडीखाली शिरला. सेन्सरची वायर उंदरानं कुरतडली होती. ती जोडली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

कारभारी पळत आला. "आवो, पंप गेल्ता ना?"

काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. शमशेर फडक्यानं बोटं पुसत राहिला.

"पंप चांगला हाय. मलाच आवाज आला न्हाई."

"चेष्टा करता व्हय," म्हणून कारभारी हसला, पैसे देऊन गेला.

शमशेर नळावर हात धुवायला बसला. पाठमोराच म्हणाला,

"तुला कधीपास्नं म्हाईत?"

रजियानं मागून उत्तर दिलं नाही. कप खाली ठेवला, वळसा घालून त्याच्या पुढ्यात आली, त्यानं मान वर करेपर्यंत थांबली, आणि मगच बोलली. गेलं वर्षभर ती असंच बोलत होती.