दुसरा लहानू

तृप्तीच्या टेबलामागची भिंत पोस्टकार्डांनी भरली होती. २००१ साल होतं. नाशिकच्या एका धर्मादाय संस्थेची क्षयाची औषधं वाटणारी केंद्रं कळवण, नांदगाव आणि घोटीला होती, आणि रोग्यांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर तृप्तीनं एकटीनं लिहिलेलं. केंद्रांत इंटरनेट कुठलं! जे खुपेल ते तिथल्या माणसांनी कार्डावर लिहायचं आणि तृप्तीनं दर महिन्याला दुरुस्त फ्लॉपी एसटीनं धाडायची, असा शिरस्ता पडला होता. कळवणनं लिहिलं, अक्षरं मोठी करा, तिनं केली. नांदगावनं लिहिलं, वीज गेली की नोंद उडते. तेही तिनं निस्तरलं. लोकांच्या तक्रारींतून आपलं काम शहाणं होतंय, याचा तिला अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

मग नांदगावच्या मुस्तकीमचं कार्ड आलं: एकच रोगी दोनदा नोंदला जातो, औषधं दुप्पट जातात. तृप्तीनं तोडगा काढला. नाव, बापाचं नाव, गाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एकच. दुसरी नोंद पहिलीत मिसळून जाईल. मुस्तकीमनं आभार मानले. तेही कार्ड भिंतीवर चढलं.

घोटीच्या वत्सलाबाई म्हणजे केंद्रातल्या जुन्या नर्स. संगणक येण्याआधी वीस वर्षं रोग्यांची कार्डं त्यांनीच सांभाळलेली. त्यांनी लिहिलं, "आमच्या एका पाड्यावर लहानू वाळू आगिवले दोन आहेत. तुमचं यंत्र एकाला गिळतंय." तृप्तीला हसू आलं. नाव सारखं असेल, पण जन्मतारीखही? तिनं उत्तर धाडलं, तारीख नीट विचारून भरा. दुसरं कार्ड आलं. तिसरं आलं, त्याच्या कोऱ्या कडेवर तर तिनं कुणाचा तरी फोन नंबर उतरवून घेतला.

खरी गोष्ट अशी, की त्या पाड्यावर कुणाला आपली जन्मतारीख ठाऊकच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजी सरसकट एक जून लिहीत, वर्ष अंदाजानं. दोन्ही लहानू एकाच दिवशी शाळेत बसले होते. घोटीत हे शेंबड्या पोरालाही माहीत. तृप्तीच्या घरी मात्र दर वाढदिवसाला औक्षण होत असे, तिला ते कुठून सुचावं?

पहिल्या लहानूचा कोर्स संपला, यंत्रानं शेरा मारला: पूर्ण. त्याच शेऱ्यानं दुसऱ्याचंही नाव यादीतून गेलं, आणि यादीत नाव नाही त्याला गोळ्यांचं पाकीट नाही. वत्सलाबाईंनी उरल्यासुरल्या गोळ्यांवर तीन आठवडे काढले. संस्थेच्या कचेरीला विनवलं, तर उत्तर आलं, संगणकात बघा.

चार महिन्यांनी चौथं कार्ड आलं. "दुसरा लहानू गेला." एवढंच.

सकाळच्या एसटीनं तृप्ती घोटीला गेली. वत्सलाबाईंनी तिला बोल लावला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. बाकावर लहानूची आई बसली होती, मुलाच्या उपचारांचा कागद न्यायला आलेली. तृप्ती संगणकापुढे बसली आणि तीन कार्डांपूर्वी विचारायचं ते तिनं आता विचारलं: हे दोघं वेगळे कसे ओळखायचे?

"आईचं नाव घाला," वत्सलाबाई म्हणाल्या. "पाड्यावर तसंच ओळखतात."

तृप्तीनं नवा रकाना केला आणि म्हातारीला नाव विचारलं.

"बुधी," म्हातारी म्हणाली. "आजवर कुठल्या कागदावर नाय लिवलं कोणी."

नोंद वेगळी झाली. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला: उपचार का थांबले? उत्तरं तीनच होती, तृप्तीनंच लिहिलेली. कोर्स पूर्ण, रोगी गाव सोडून गेला, रोग्यानं औषध सोडलं. तिनं तिसरं निवडलं आणि कागद छापून काढला. कुणी विचारणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर, तिला त्या क्षणी हायसंही वाटलं. हीच लाजेची गोष्ट. पण ज्याला वाचता येत नाही त्याला कागद वाचून दाखवल्याशिवाय द्यायचा नाही, हा वत्सलाबाईंचा जुना नेम. त्यांनी वाचला.

"त्यानं नाय सोडलं, बाई," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "दर सोमवारी यायचा. गोळी नसली तरी यायचा, ह्या बाकावर बसून माघारी जायचा. तुम्ही बंद केल्या."

तृप्तीनं कागद फाडला. तिनं यादीत चौथं उत्तर घातलं, आमच्या चुकीनं, आणि नवा कागद काढून दिला. वत्सलाबाईंनी तोही वाचला. म्हातारीनं घडी घालून तो कनवटीला खोचला आणि ती निघून गेली.

पुढच्या फ्लॉपीतून आईच्या नावाचा रकाना आणि ते चौथं उत्तर तिन्ही केंद्रांत गेलं. संस्थेच्या चिटणिसांनी ते उत्तर काढून टाकायला सांगितलं. तृप्तीनं काढलं नाही.

पंधरा दिवसांनी मुस्तकीमचं कार्ड आलं. "ताई, आईची नावं विचारत सगळ्या जुन्या नोंदी तपासल्या. चौथ्या उत्तरात आमच्याकडचे दोघं निघाले. एक गेला. दुसरा अजून आहे. औषध लगेच पाठवा."