भिडस्त अस्तर

आमच्या पलंगाच्या पायथ्याकडच्या दोन्ही पायांखाली कालपर्यंत विटा होत्या. त्या नवऱ्याने ठेवल्या. तो प्लंबर आहे, आणि त्याच्या मते जगातल्या अडचणी दोनच: उतार चुकला किंवा सांधा गळतोय. माझा तिसरा गर्भ पडला तेव्हा त्याने सपाटी मोजायची पाणसळ आणली, गादीवर ठेवली आणि डोकं खाली, पाय वर असा बेताचा ढाळ काढला. पुढच्या वेळी मूल घरंगळू नये म्हणून. सध्या पोटात कुणी नाही, तरी सवय हवी म्हणे. मी रोज भिंतीकडे घसरत झोपायचे.

त्यात त्याची आत्या. चार दिवस सांभाळायला म्हणून आली आणि तिने मुक्कामच ठोकला. माझ्या खुर्चीत बसून माझ्याच स्वयंपाकाला नावं ठेवायची, आणि येईल त्या शेजारणीला सांगायची, "हिच्यात धरून ठेवायची ताकदच नाही. गर्भ राहतो, पण ही टाकते." टाकते! जणू मी पिशवी बसमध्ये विसरून आले. माझं डोकं फिरायचं, पण तोंडातून ब्र निघायचा नाही.

कारखान्यात मात्र मला सगळे टरकून असतात. भट्टीतून आलेले चिनी मातीचे कप तपासणं हे माझं काम. लाकडी दांडीने काठावर हलकेच टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर मोडीत, मग दिसायला कितीही देखणा असो. मला तिथे नापासबाई म्हणतात आणि मला त्याचा राग नाही.

काल आम्ही दोघं तपासणीचा निकाल घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पुन्हा प्रयत्न करायचा की आता पुरे, हे त्यावर ठरणार होतं. आत्याही आली. तिला घरी राहा म्हणायची कुणाची छाती?

"गर्भाशयाचं अस्तर म्हणजे नुसती मऊ गादी नव्हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रुजायला आलेल्या गर्भाला ते पारखतं. बरेच गर्भ मुळातच सदोष असतात. त्यांना ते थारा देत नाही. पाळी येते आणि बाईला काही कळतही नाही."

"आणि हिचं अस्तर कुणालाच थारा देत नाही," आत्याने निकाल लावला.

"उलट आहे. माझ्या अंदाजाने यांचं अस्तर भिडस्त आहे. आला त्याला आत घेतं, जो टिकणारच नाही त्यालाही. मग तो थोडा वाढतो आणि जातो. हे शास्त्र नवं आहे, छातीठोकपणे नाही सांगत. पण पुढच्या वेळेआधी अस्तरावर उपचार करून बघता येईल."

"आणि उताराचं काय?" नवऱ्याने विचारलं.

"कसला उतार?"

त्याने विटांचं सगळं सांगितलं, मापासकट. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्या आजच काढा," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर आत्या माझ्या खुर्चीत टेकली, पाय माझ्या स्टुलावर. "मला वाटलंच होतं. येईल त्याला बस म्हणायची हिची सवय. पोटातही तेच."

"खरं आहे आत्या," मी म्हटलं. "सवय मोडायलाच हवी. उद्या सकाळच्या गाडीत मी स्वतः तुम्हाला बसवून देते."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो गुपचूप आतल्या खोलीत विटा काढायला गेला. मी मागोमाग गेले. पलंगाचा एक पाय टेकला, मग दुसरा. सवयीने त्याने गादीवर पाणसळ ठेवली आणि तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघतच म्हणाला, "म्हणजे तू टाकली नव्हतीस."

हे आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मी स्वतःलाही नाही. मला रडू फुटलं, आणि त्याचा रागही आला, इतक्या उशिरा बोलला म्हणून.

"नाही टाकली," मी म्हटलं. "बद्द वाजणारी होती तिघं. कारखान्यात मी क्षणभरही हातात धरली नसती. इथे आत घेतली, आणि राहतील तितकी राहू दिली."

त्याने विटा दाराबाहेर नेऊन ठेवल्या. मग म्हणाला, "पुन्हा बघायचं?"

"बघायचं. पण आधी ती पाणसळ उचल. मला आडवं व्हायचंय."